दुसरी काहील

एका काहिलीचा बूया, म्हणजे आमचा दाट रस्सा: साठ कोंबड्या, हाडांसकट चाळीस पौंड बीफ, दोन पोती बटाटे, कोबी, गाजरं, कांदे, सेलरी. मटार सगळ्यात शेवटी. पाणी सगळं बुडेल इतकं, मग आटेल तसं वरून. ओकची लाकडं. सात तास.

◦

माझ्या चाळीस एकरांत माती अकरा इंच आहे. त्याखाली खडक, आणि खडकाला भेगा. लहानपणी मी आणि माझा भाऊ नॉर्म त्या भेगांत गोट्या टाकायचो आणि कान लावून पडून राहायचो. गोटी खाली पोचल्याचा आवाज कधी आला नाही.

◦

गाय क्रमांक ६११८. वय चार वर्षं आठ महिने. मागचा डावा पाय अधू.

◦

"विहिरीचे पाणी पिण्यापूर्वी उकळून घ्यावे." पिवळा कागद. एप्रिलमध्ये आमच्या रस्त्यावरच्या सगळ्या पत्रपेट्यांत पडला होता.

◦

शिरेतून देतात ते औषध गडद निळं असतं. शाईच म्हणावी इतकं.

◦

वासरू पहिल्याच दिवशी गाईपासून वेगळं करतात. गाय दोन दिवस हंबरते. आमच्या गोठ्यात साठ गाई होत्या तेव्हा माझा नवरा गिल्बर्ट त्या दोन दिवसांत रेडिओ मोठा करायचा. पोल्काची नाचाची गाणी लागायची. मी धारा काढताना पायाने ताल धरायचे.

◦

आणि गिल्बर्टच म्हणायचा, "उकळलं की सगळं मरतं, मार्सी."

◦

या सगळ्याची एकच गोष्ट आहे हे मला ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात कळलं.

माझी नात कॅसिडी मे महिन्यापासून माझ्याकडे आहे. तिचा नवरा मोठ्या सरोवरांवरून लोहखनिज नेणाऱ्या जहाजावर असतो. बर्फ पडेपर्यंत तो घरी येत नाही. जूनमध्ये ओडेट झाली. कॅसिडीला दूध येईना, म्हणून डब्यातली पावडर. चहूबाजूंनी गाईंचे गोठे आणि पोरीला पावडर, असं वॉली म्हणाला होता. वॉली शेजारी. ऐंशी वर्षांचा आहे आणि अजून कुणाला सोडत नाही.

पावडर कालवायचं पाणी उकळायचं कसं, हे मी शिकवलं. पिवळा कागद फ्रिजवर लावलेलाच होता.

"ग्रॅमा, इथे लिहिलंय एक मिनिट उकळा."

"लिहिणाऱ्याने आयुष्यात बूया केलेला नाही. अर्धा तास ठेव."

"अर्ध्या तासात पातेलं निम्मं होतं गं."

"होऊ दे. जे राहील ते सोन्यासारखं."

कॅसिडी गुणी पोर आहे. तिने ऐकलं. दोन महिने, दिवसातून सहा वेळा.

त्या दिवशी दुपारी ओडेट रडेना. ओठांभोवती राखाडी झाक दिसली. मी म्हटलं, उजेड तसा असेल. खिडकीशी नेली तर नखंही तशीच. स्लेटच्या पाटीचा रंग. पस्तीस मैल. कॅसिडी मागे बाळाला घेऊन, मी पुढे.

ग्रीन बेच्या दवाखान्यात त्यांनी टाचेतून रक्त काढलं. ते लाल नव्हतं. चॉकलेटसारखं होतं. डॉक्टर मुलगी तिशीची असेल. तिने कापसाकडे पाहिलं आणि विचारलं, "पाणी कुठलं घालता?"

"विहिरीचं," मी म्हटलं. "पण अर्धा तास उकळून."

तिने मान हलवली. मला वाटलं, पटलं हिला. मग तिने नर्सला काहीतरी सांगितलं, आणि निळं औषध आलं. निळ्या पडलेल्या पोरीच्या शिरेत निळं औषध. वीस मिनिटांत ओडेटचे गाल गुलाबी झाले आणि तिने असा काही टाहो फोडला की कॅसिडी हसतच सुटली. तिला हसू आवरेना.

नंतर डॉक्टर माझ्याशेजारी येऊन बसली. "तुम्ही स्वयंपाक करता?"

"चाळीस वर्षं आमच्या चर्चच्या सुगीच्या जत्रेचा, कर्मिसचा, बूया माझ्या आणि माझ्या नवऱ्याच्या हातचा आहे. साडेसहाशे माणसांचा."

"रस्सा जास्त आटला तर काय होतं?"

"खारट होतो."

जंतू मरतात, मीठ मरत नाही. पाणी उडून जातं आणि मीठ खाली राहतं. हे मला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक होतं. आमच्या पाण्यातल्या त्या मिठाला नायट्रेट म्हणतात, आणि तीन महिन्यांच्या आतल्या बाळाच्या रक्ताला ते श्वास घेऊ देत नाही. पिवळा कागद खोटा नव्हता. तो एप्रिलमधल्या जंतूंसाठी होता. त्यावर या दुसऱ्याबद्दल एक अक्षर नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं.

◦

नायट्रेटचे आकडे, जमीन-पाणी ऑफिसातल्या हाना नावाच्या मुलीने आणून दिलेले:

चालतं ते: दहा.
माझी विहीर: एकतीस.
माझ्या स्वयंपाकघरातलं पातेलं, अर्धा तास उकळल्यावर: साठ.
चर्चची विहीर: चोवीस.

"तुमच्या विहिरीच्या वरच्या अंगाला शेत कुणाचं?" हानाने विचारलं.

"माझंच."

"आणि त्यात पातळ शेण कोण सोडतं?"

"माझा भाऊ. सही माझी आहे."

नॉर्मकडे चार हजार दोनशे गाई आहेत. त्यांचं शेण तळ्यात साठतं, आणि मका निघाला की रबरी पाइपातून आसपासच्या शेतांत जातं. गिल्बर्ट गेल्यावर नॉर्म म्हणाला, तुझं रान नुसतं पडून आहे, मका मी लावतो. मला बरं वाटलं. भाऊ आहे म्हटलं. अकरा इंच माती त्याला माझ्याइतकीच ठाऊक होती. पण हे मी आत्ता म्हणते. तेव्हा मलाही ती आठवली नाही.

◦

सेंट गिलेन चर्च. तळघरातली बैठक. (वृत्तान्त मीच लिहिते. कंसातलं चर्चच्या वहीत नाही.)

हजर: फादर एमेका, वॉली, नॉर्म, मार्सेला.

१. कर्मिस सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी. सर्वानुमते मान्य. (दीडशे वर्षं त्याच रविवारी आहे, तरी दरवर्षी सर्वानुमते मान्य करतो.)

२. गोड सारण भरून भट्टीत भाजलेले पाय: प्रुनचे ऐंशी, सफरचंदाचे ऐंशी. वॉलीने वरचा पनीरचा थर पातळ होत चालल्याची तक्रार केली. नोंद घेतली. (वॉलीच्या बायकोनेच केले होते.)

३. चर्चच्या विहिरीचं पाणी. मार्सेलाने आकडा सांगितला.

(सगळे खालच्या आवाजात बोलू लागले. फादर नायजेरियाचे. चार गावांची चर्चं एकटे सांभाळतात. ते म्हणाले, "माझ्या गावी आम्ही पाण्याबद्दल मोठ्याने बोलतो. इथे हळू का बोलतात?" नॉर्मने पुढचा मुद्दा काढला.)

४. नॉर्मने सुचवलं की शहरातलं पाणी दुधाच्या टँकरमधून तो फुकट आणून देईल. काहिलीत तेच घालावं.

(पुढचं त्याचं वाक्य असं होतं: "आणि उगाच बोभाटा नको. लोक जेवायला येतात, धडा शिकायला नाही." ही सूचना वाईट नव्हती. बूया चांगला झाला असता, कुणाला काही झालं नसतं, आणि सोमवारी सगळ्यांनी आपापल्या घरी तेच पाणी प्यायलं असतं.)

५. पहिली पळी. कर्मिसला त्या वर्षी बाप्तिस्मा झालेल्या बाळांच्या ओठांना काहील सांभाळणाऱ्याने रश्शाचा थेंब लावायचा, अशी चाल आहे. यंदा पाच बाळं.

नॉर्म: "एका थेंबाने काय होतंय?"

मार्सेला: "थेंबाने काहीच होत नाही. पण त्या पाच आया माझ्या हाताकडे बघतात. मार्सेलाने उकळून दिलं म्हणजे चांगलं, असं म्हणून घरी जातात आणि बाटलीत तेच घालतात. माझ्या घरात तेच झालं."

६. मार्सेला यंदा दोन काहिली लावणार. एक बूयाची. दुसरी पाण्याची. मान्य.

(त्यांना वाटलं दुसरी भांडी घासायला. मी वाटू दिलं.)

◦

दुसऱ्या दिवशी नॉर्मच्या गोठ्यावर गेले. गोठा म्हणायचं म्हणून. लांबीला पाव मैल आहे. एका बाजूला वासरांच्या पांढऱ्या प्लॅस्टिकच्या खोपटांच्या रांगा, स्मशानातल्या दगडांसारख्या सरळ, प्रत्येक खोपटातून एकेक तोंड बाहेर. फाटकाजवळच्या कोंडवाड्यात एक गाय तीन पायांवर उभी होती. कानातला बिल्ला: ६११८.

दरवर्षी काहिलीचं बीफ नॉर्म देतो. माझ्याकडे ते पांढऱ्या कागदात बांधून येतं. इतक्या वर्षांत मी कागद उघडला होता, त्याच्या अलीकडचं काही पाहिलं नव्हतं.

"हीच का?" मी विचारलं.

"काय हीच?"

"यंदाची. काहिलीची."

"हं. पाय गेलाय तिचा. काँक्रीटवर होतं असं."

"वय?"

"पाच होईल."

"आमची ट्यूलिप चौदा वर्षांची होऊन गेली."

"तुझ्या ट्यूलिपने जन्मभर दिलं नसेल तेवढं दूध ही दोन वर्षांत देते, मार्सी."

"तेच म्हणतेय मी."

त्याने टोपी मागे सारली. लहानपणापासूनची सवय. आता भांडण होणार याची खूण.

"मला यंदा तुझं बीफ नको," मी म्हटलं. "आणि माझ्या चाळीस एकरांत तुझा पाइप नको."

"सही आहे तुझी."

"आहे. मी ती चुकून केली."

"तळं काठोकाठ आलंय. मका निघाला की दहा दिवसांत मला ते उपसायला लागतं, पुढे जमीन गोठते. चार हजार दोनशे शेपट्या आहेत माझ्याकडे. त्यांना काय सांगू, वसंतापर्यंत धरून ठेवा म्हणून?"

"शेपट्या कमी कर."

तो हसला. खरंच हसला, पोट धरून. "ऐकलंस का रे," गोठा धुणाऱ्या माणसाला म्हणाला, "बहीण म्हणते शेपट्या कमी कर." तो माणूस मेक्सिकोचा, त्याला किती कळलं कोण जाणे. नॉर्मच्या आवारातल्या फिरत्या घरांत ते अकराजण राहतात. पाणी आवारातलंच पितात.

"कायद्यात बसतं तेवढंच टाकतो मी," नॉर्म म्हणाला. "एक बादली जास्त नाही. कागद दाखवू?"

"कागद खरा असेल. माती अकरा इंच आहे."

"आणि तू नि गिल्बर्टने तीस वर्षं काय गुलाबपाणी शिंपडलंत?"

"शेणच टाकलं. साठ गाईंचं. वासरं आम्हीही पहिल्या दिवशी ओढून नेली आणि वर रेडिओ लावला. मी काही फार चांगली म्हणून आले नाहीये, नॉर्म. मीच त्या पोरीला पाजलं. म्हणून आलेय."

त्याने टोपी पुन्हा पुढे ओढली.

"ओडेट कशी आहे?"

"बरी आहे. विकतच्या पाण्यावर आहे."

"बरं," तो म्हणाला. मग त्याला गोठ्यात काहीतरी काम आठवलं.

◦

काय नाही मिळालं:

साठ कोंबड्या. दरवर्षी येतात त्या कोंबड्या कुठून येतात हे मी यंदा पहिल्यांदा विचारलं. त्याही नॉर्मच्या गोठ्यासारख्याच मोठ्या शेडमधून येतात हे कळल्यावर घ्याव्याशा वाटेनात, आणि विचारायला नको होतं असं सुरुवातीला वाटलं. मग लोकांच्या अंगणातल्या, अंडी बंद झालेल्या म्हाताऱ्या कोंबड्या गोळा केल्या. तेवीस. आठ मी स्वतः कापल्या. चाळीस वर्षांत विसरले नव्हते, फक्त हात हळू झाला होता आणि प्रत्येकीला वेळ लागत होता. तेही ठीकच.

काय मिळालं: घेवड्याच्या दाण्यांची तीन पोती, वॉलीच्या बायकोकडून. फादरांकडून शहरातलं पाणी, चार फेऱ्यांत, स्वतःच्या गाडीतून. नॉर्मच्या टँकरला मी नको म्हटलं होतं.

◦

कर्मिसच्या दिवशी पहाटे पाच वाजता दोन्ही काहिलींखाली जाळ केला. पहिलीत बूया. दुसरीत चर्चच्या विहिरीचं चाळीस गॅलन पाणी. नुसतं. काठावर खडूने रेघ मारली.

वॉली वल्हं घेऊन बूया ढवळायला बसला. मधूनमधून दुसऱ्या काहिलीत डोकावायचा.

"मार्सी, ढवळ गं, पाणी लागेल बुडाला."

"तू तुझं बघ."

"मीठ घातलंस का?"

"आहे त्यात."

"आणि हे काय, तेवीस कोंबड्या? रश्शातून एखादी पोहून गेली की मला हाक मारा, बघायची आहे."

प्रार्थना झाली. लोक बाहेर आले. बँडवाल्यांनी अॅकॉर्डियन काढलं. रांग लागली आणि दरवर्षीसारखीच कुजबूजही लागली, फक्त यंदा ती बीफबद्दल होती. बीफ कुठंय? नॉर्मशी भांडली म्हणे. या वयात काय हे. एक बाई माझ्या तोंडावर म्हणाली, "घेवड्याचा बूया? आमची आजी थडग्यातून उठेल."

"उठली तर तिलाही वाढते," मी म्हटलं.

दुसऱ्या काहिलीत मी सकाळपासून वरून थेंब घातला नव्हता. बारा वाजता पाणी खडूच्या रेघेच्या कितीतरी खाली होतं. बारा-तेरा गॅलन उरलं असेल. स्वच्छ दिसत होतं. वास नाही, रंग नाही. दवाखान्याच्या आधी मला कुणी दाखवलं असतं तर मी म्हटलं असतं, यापेक्षा शुद्ध पाणी देवाघरीही नाही.

पहिल्या पळीची वेळ झाली. पाचजणी बाळं घेऊन पुढे आल्या. कॅसिडी ओडेटला घेऊन सगळ्यात कडेला. मी पळी हातात घेतली आणि खाली ठेवली.

भाषण मला येत नाही. मी हानाच्या पट्ट्या काढल्या. कागदाच्या पट्टीला टोकाला एक पांढरा चौकोन असतो. पाण्यात बुडवायची, एक मिनिट थांबायचं, मग चौकोन किती गुलाबी झाला ते तक्त्याशी ताडून अंदाजे आकडा वाचायचा. पहिली पट्टी फादरांनी आणलेल्या पाण्यात. पांढरी राहिली. दुसरी, आत्ता चर्चच्या नळावरून भरलेल्या पेल्यात. सगळ्यांसमोर गुलाबी झाली.

"हे आपलं पाणी," मी म्हटलं. "चोवीस. दहापर्यंत चालतं. आणि हे आपलंच पाणी, सात तास उकळून."

तिसरी पट्टी काहिलीत बुडवली. एक मिनिट फार मोठं असतं. अॅकॉर्डियनवाला थांबला. चौकोन गुलाबी झाला, मग आणखी, मग जांभळ्याकडे गेला. तक्त्यावरच्या शेवटच्या रंगाच्याही पुढे गेला.

"ओडेटला मी हे पाजलं," मी म्हटलं. "मी. चांगलं उकळून. तिच्या रक्ताचा रंग कॅसिडीला विचारा."

कॅसिडी एक पाऊल पुढे आली. ती आपणहून म्हणाली, "चॉकलेटसारखा."

गर्दीतून नॉर्म पुढे आला. त्याचा रविवारचा कोट, तीच टोपी. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. टेबलावरची पळी उचलली, दुसऱ्या काहिलीत घातली, भरून काढली. फुंकर मारली. वाफ जाईपर्यंत थांबला. मग सगळं प्यायला, शेवटच्या घोटापर्यंत, आणि पळी उलटी करून दाखवली.

"मेलो का?" लोकांकडे वळून म्हणाला. "तासभर थांबा हवं तर. वॉली, डॉक्टरला बोलव."

काहीजण हसले. हसू पसरायला लागलं होतं. मला दिसत होतं की आणखी अर्ध्या मिनिटात सगळे हसतील, अॅकॉर्डियन सुरू होईल, आणि पुढच्या वर्षी लोक सांगतील, मार्सेलाने पाणी उकळलं होतं ते वर्ष.

"तू दोन महिन्यांचा नाहीस, नॉर्म," मी म्हटलं.

हसू थांबलं. ज्यांच्या हातात बाळं होती त्या पाचजणींचं आधी थांबलं. नॉर्मच्या दूध काढणाऱ्या एका माणसाची बायको त्यांत होती. मारिसोल. तिचा मुलगा सात आठवड्यांचा. तिने विचारलं, "मग बाटलीत कुठलं घालू?" हळू नाही विचारलं.

"आजपुरतं फादरांनी आणलंय त्यातलं घेऊन जा. उद्यापासून ऑफिसात हानाकडे. आणि घरचं पाणी घेऊन ये, आत्ताच बघू."

"आमचं पाणी तर साहेबांच्याच..." ती म्हणाली आणि नॉर्मकडे पाहून थांबली. मग गेली आणि घेऊन आली. लोणच्याची बरणी भरून. पट्टी: एकोणतीस.

त्यानंतर लोक जेवता जेवता उठून घरी जाऊ लागले. आमच्याकडे कुणाचं घर दोन मैलांच्या पलीकडे नाही. बरण्या आल्या, थर्मास आले, एकाने बिअरची बाटली धुऊन आणली. पायच्या टेबलावर जागा उरेना, तेव्हा प्रुनचे पाय खाली बाकावर गेले. हानाला फोन केला, ती आणखी पट्ट्या घेऊन चाळीस मिनिटांत आली. कॅसिडी एका हातावर ओडेट आणि दुसऱ्या हातात पेन घेऊन प्रत्येक बरणीवर नाव आणि आकडा लिहीत होती. सात. सोळा. बावीस. नऊ. अडतीस. सदतीस बरण्या झाल्या. सव्वीस बरण्या दहाच्या वर.

घेवड्याचा बूया संपला. तळ खरवडून संपला. ज्या बाईची आजी थडग्यातून उठणार होती तिने दोनदा घेतला.

वॉलीची बरणी सर्वांत शेवटी आली. एकोणीस. त्याने बरणी उचलून आकडा पुन्हा वाचला. "बायकोचे दोन गेले पोटात असताना," तो म्हणाला. "सत्तरच्या सालांत. तेव्हा एवढ्या गाई नव्हत्या. ते यामुळेच असं म्हणत नाही मी. आपलं आठवलं." मग नॉर्मला म्हणाला, "नॉर्म, माझ्या वीस एकरांच्या फाटकाला कुलूप आहे बरं का. गंजलंय. पण आहे."

नॉर्म माझ्याजवळ आला. त्याच्या हातात अजून पळी होती.

"माझं तळं भरलंय, मार्सी. हे लोक बरण्या घेऊन घरी जातील, मी तळं घेऊन कुठे जाऊ?"

"मला माहीत नाही."

"उद्या पाइप येणार. मका परवा निघालाय."

"उद्या मी फाटकात आहे."

"वकील आणला तर?"

"तर वकिलाला पण पाणी घेऊन यायला सांग. पट्ट्या उरल्यात."

त्याने पळी टेबलावर ठेवली. टोपी मागे सारली नाही, पुढेही ओढली नाही. बरण्यांच्या रांगेपाशी गेला आणि पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत सगळी नावं वाचली. वाचायला त्याला वेळ लागला. मग पिकअपमध्ये बसून गेला. त्याच्या घरची बरणी आली नाही.

दुसरी काहील मी आणि वॉलीने उलटी केली नाही. ते पाणी गवतावर ओतलं तर पुन्हा खडकातच जाणार होतं. हानाने पिंप मागवलं. बुडाशी पांढरट थर बसला होता, नखाने निघाला. मी घासून काढला.

सोमवारी सहा वाजता मी फाटकात होते. सव्वासहाला कॅसिडी आली, ओडेटला गाडीत घालून. सातला वॉली खुर्ची आणि थर्मास घेऊन आला. "कॉफी विकतच्या पाण्याची आहे," म्हणाला, "तुझ्या तोंडाला लागणार नाही." आठला मारिसोल आली, कामावर न जाता. पाइपाची गाडी नऊला आली, फाटकासमोर इंजिन चालू ठेवून थांबली, आणि चालवणाऱ्याने नॉर्मला फोन लावला.

एक सांगायचं राहिलं: ऑगस्टमध्ये ओडेटला ग्रीन बेला नेलं त्या दुपारी गाडी नॉर्म चालवत होता.